टेकिनाइतीचे खडे

टेकिनाइती चौदा वर्षं परदेशी जहाजांच्या इंजिनखोलीत राबून कायमचा घरी परतला, तेव्हा त्याच्या सामानात एक जड खोकं होतं. दोघांनी मिळून ते होडीतून उतरवलं. गावाला वाटलं, यंत्रबिंत्र असेल. निघाले खडे. पांढरे, करडे, विटकरी, गोट्यांएवढे गुळगुळीत खडे, जाळीच्या लहान लहान पिशव्यांत भरलेले. खोक्यावर डोंगरातून उड्या मारत येणाऱ्या झऱ्याचं चित्र होतं. बिकेराओईच्या सपाट बेटावर डोंगर कुणी पाहिलेला नव्हता. गावातली सगळ्यात उंच जागा म्हणजे चर्चची वरची पायरी.

"एक पिशवी पाण्याच्या बादलीत सोडायची," टेकिनाइती म्हणाला, "आठ तास ठेवायची आणि खुशाल प्यायचं. जंतू मरतात, खारटपणा जातो, हाडं मजबूत होतात. जहाजावर आमचा कप्तान हेच पाणी प्यायचा. उकळायची भानगडच नाही."

बायकांनी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं.

सात महिने पाऊस नव्हता. पत्र्यांखालच्या टाक्या वाजवल्या तर ढोलासारख्या घुमत होत्या. सगळं गाव विहिरींच्या मचूळ पाण्यावर आलं होतं आणि ते पाणी रोज उकळायचं म्हणजे नारळाच्या सोडणांचे भारे वाहायचे, धुरात डोळे चोळायचे, मग निवायची वाट बघायची. तेवढ्यात पोरं तहानेने रडतात ते वेगळंच. टेकिनाइतीने घराघरांत पिशव्या वाटल्या. कुणाकडून काही घेतलं नाही. आठवड्याभरात गावातल्या निम्म्या चुली दिवसातून एकदाच पेटू लागल्या.

मारेवेयाचीही चूल त्यात होती. ती टेकिनाइतीची थोरली बहीण. आई गेली तेव्हा टेकी चार वर्षांचा होता. त्याला हिनेच वाढवलं. आता ती त्रेपन्न वर्षांची होती, नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि गावच्या दवाखान्यात ती एकोणीस वर्षं मदतनीस होती. बाळांची वजनं करायची, नर्सबाई टिनियाला हात द्यायचा, तीन महिन्यांनी विहिरींचं पाणी तपासायचं, ही तिची कामं. पाण्याचं कळतं कुणाला, असं कुणी विचारलं असतं तर गावाने तिच्याकडेच बोट दाखवलं असतं. तरी तिने भावावर विश्वास ठेवला आणि खडे बादलीत सोडले. ही गोष्ट तिने पुढे कधी लपवली नाही.

दीड महिन्याने गावात जुलाब सुरू झाले. मारेवेयाची नात आओटा तीन दिवस डोळे वर करून पडून होती. साखर-मिठाचं पाणी चमच्या-चमच्याने पाजल्याने ती वाचली. शेजारच्या बोराता नावाच्या पोरीचा दहा महिन्यांचा मुलगा वाचला नाही. आजाऱ्यांना तारावाच्या मोठ्या दवाखान्यात नेणारं विमान यायला दोन दिवस होते. तो एका दिवसात गेला.

बोराताला टेकिनाइतीने सगळ्यात मोठी पिशवी दिली होती, घरात तान्हं मूल आहे म्हणून. त्या मुलाचा खड्डा त्यानेच खणला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

चौथ्या दिवशी मारेवेयाने दवाखान्याच्या फडताळातून तपासणीच्या बाटल्या काढल्या. वीतभर उंचीची बाटली, आत औषध लावलेली कागदाची पट्टी. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून उबेत ठेवायचं. पाण्यात शेणघाण उतरली असेल, माणसाची नाहीतर जनावराची, तर पाणी एक-दोन दिवसांत काळं पडतं. स्वच्छ असेल तर तसंच राहतं. तिने स्वतःच्या बादलीतलं पाणी भरलं. खडे त्यात आदल्या दिवसापासून होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाटली डांबरासारखी काळी झाली होती.

तिने टिनियाला दाखवली. टिनिया म्हणाली, "माझ्याही बादलीत आहेत गं."

संध्याकाळी विहिरीवर पाणी भरताना मारेवेया सगळ्यांसमोर बोलली. "खडे काही करत नाहीत. पाणी उकळा. माझं ऐका, आजपासून उकळा."

"भावाने वाटले म्हणून पोट दुखतंय का तुझं?" एकीने विचारलं.

"पोट दुखायची वेळ तुझी येईल," मारेवेया म्हणाली. "तेव्हा ये दवाखान्यात, मीच औषध देईन."

ही बातमी टेकिनाइतीपर्यंत जायला तिची कळशी भरायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. ती घरी पोचली तर तो नीरफणसाच्या झाडाखाली उभाच होता.

"काय सांगत सुटलीस तू?"

"जे बघितलं ते."

"एक बाटली काळी झाली म्हणून? जुन्या असतील तुझ्या बाटल्या. खडे नीट धुतले नसतील. नाहीतर आठ तास ठेवलेच नसतील."

"टेकी, एक पूर्ण दिवस ठेवले होते."

"मग पिशवीच खराब असेल." त्याचा आवाज चढला. "सगळ्या पिशव्या खराब नसतात. सगळ्या कशा असतील? कप्तान प्यायचा. मी स्वतः प्यायलोय, मला काही झालं नाही."

"तू बैलासारखा आहेस. दहा महिन्यांचं बाळ नाहीस."

तोंडातून निघून गेलं आणि तिला कळलं की हे बोलायला नको होतं. टेकिनाइतीचा चेहरा कुणी थोबाडीत मारावी तसा झाला. त्याने वळून न बघता वाट धरली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, हा माणूस खड्यांची बाजू घेत नाहीये. खडे खोटे ठरले तर त्याने बोराताच्या घरात काय दिलं, हा प्रश्न उरतो, आणि तो प्रश्न त्याला पेलणार नाही.

लहानपणी त्याच्या पायात शिंपला रुतला की ती त्याचं डोकं मांडीवर घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताने शिंपला उपटायची. तो बोंबलायचा, शिव्या द्यायचा. तरी तिने कधी शिंपला आत राहू दिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तिला मानेआबात बोलावणं आलं.

मानेआबा म्हणजे गावाचं मोठं छप्पर. तिथे प्रत्येक घराण्याची बसायची जागा ठरलेली, म्हातारे पुढे, बाकी पुरुष त्यांच्यामागे आणि बायका कडेला. बोलायचं ते म्हाताऱ्यांनी. बाईला विचारलं तर तिने बसल्या जागेवरून उत्तर द्यायचं आणि गप्प व्हायचं.

नावाइया सगळ्यात वयस्क. एक डोळा पांढरा झालेला, पण आवाज असा की पलीकडच्या खाडीत ऐकू जावा.

"मारेवेया, तू भावाचा चारचौघांत अपमान केलास," तो म्हणाला. "त्याने गावाला भेट दिली. भेटीला नाव ठेवणं आपल्यात बसत नाही. एक चांगली चटई आण, त्याची माफी माग, विषय संपव."

"मागेन," मारेवेया म्हणाली. "चटई माझ्याकडे विणून तयार आहे. पण आधी पाणी तपासू द्या. खडे खरे निघाले तर इथेच त्याच्या पाया पडेन."

मागून कुणी तरी म्हणालं, "बस खाली."

तेव्हा तिला समजलं की आपण उभ्या आहोत. कधी उठलो ते तिला आठवेना. बसावं असं क्षणभर वाटलं. बसली नाही.

"बाटल्या तिच्या, तपासणार तीच," टेकिनाइती म्हणाला. "उत्तर आधीच ठरलंय तिचं."

"मग तूच भर," ती म्हणाली. "खडे तूच धू, तूच मोज, तुला वाटतील तेवढे टाक. दुप्पट टाक. पाणी एकाच विहिरीचं, बादल्या एकसारख्या. एका बादलीत खडे, दुसरीत काही नाही, तिसरीतलं पाणी टिनिया उकळेल. बाटल्या एकाच खोक्यातल्या, त्याही तूच निवड. प्रत्येक पाण्याच्या तीन भरायच्या. आणि कुठली कुठल्या पाण्याची ते मला सांगूच नका. नावाइयांनी दोऱ्याच्या गाठी मारून खूण करावी आणि ती मनात ठेवावी. मी बाटल्यांना हातसुद्धा लावणार नाही."

म्हातारे एकमेकांकडे बघू लागले.

"आणि बाटल्या कुठे ठेवायच्या?" नावाइयाने विचारलं.

"इथे. तुमच्या पुढ्यात."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं तयार झालं. टेकिनाइतीने आदल्या दिवशीच खडे तीन पाण्यांनी धुतले होते आणि एका बादलीत चार पिशव्या सोडल्या होत्या. बाटल्या निवडताना त्याने प्रत्येक उन्हाकडे धरून पाहिली. नावाइयाने पाठ करून गाठी मारल्या. नऊ बाटल्या एका चटईवर ओळीने मांडल्या गेल्या.

मग नावाइयाला हौस आली. "चव कुणी बघितली की नाही? चवीवरूनच कळतं. खड्यांचं पाणी गोड लागतं, मी रोज पितो."

टिनियाने करवंट्यांत साधं आणि खड्यांचं, दोन्ही पाणी ओतून दिलं, कुठलं कुठलं ते न सांगता. नावाइयाने पहिलं घोटभर तोंडात घोळवलं, तोंड वाकडं केलं. दुसरं प्यायला आणि पांढरा डोळाही चमकला. "हे! हे खड्यांचं. जिभेवर लोण्यासारखं आहे!"

"हे साधं आहे," टिनिया म्हणाली. "तोंड वाकडं केलंत ते खड्यांचं."

आधी बायकांच्या बाजूला कुणी फिसकन हसलं. मग सगळा मानेआबा हसला. नावाइयाने "परत द्या, परत" म्हणत आणखी दोनदा प्यायलं. एकदा चुकला, एकदा बरोबर आला आणि त्याने तेवढ्यावर थांबणं पसंत केलं. टेकिनाइती हसला नाही.

बाटल्या तीन दिवस राहणार होत्या. त्या तीन दिवसांत मारेवेयाच्या दारावर कुणी तरी खड्यांची पिशवी टांगून गेलं. कुणाची पोरं तिच्या मागून "काळी बाटली, काळी बाटली" ओरडत पळाली. तिची स्वतःची लेक म्हणाली, "आई, मामाशी भांडून तुला काय मिळणार आहे? आओटा बरी झाली ना?"

"आओटा बरी झाली," मारेवेया म्हणाली. "म्हणून तर मला बोलायला तोंड आहे. बोराताने काय करायचं?"

बोराताने काय केलं ते त्याच दुपारी दिसलं. ती मानेआबात आली, कुणाची परवानगी न घेता पुरुषांच्या जागेतून सरळ पुढे गेली आणि बाटल्यांच्या चटईशेजारी बसली. बावीस वर्षांची मुलगी, केस विंचरलेले नव्हते, दुधाने अंगातलं पोलकं अजून ओलं होत होतं.

"इथे बसायचं नसतं," एक म्हातारा हळूच म्हणाला.

"मला बघायचंय," बोराता म्हणाली.

"तीन दिवस लागतील, पोरी."

"बसते."

तिला उठवायची कुणाची छाती झाली नाही. ती तीन दिवस तिथे बसून राहिली. मारेवेया तिला भात आणि मासा नेऊन द्यायची आणि बाटल्यांकडे न बघता परत फिरायची. पहिल्या दिवशी भांडं परत देताना बोराता एवढंच म्हणाली, "तुझा भाऊ वाईट माणूस नाही."

"माहीत आहे मला."

"मग त्याला सांग ना तसं."

"आता सांगितलं तर त्याला ते खरं वाटणार नाही. आधी बाटल्यांचं होऊ दे," मारेवेया म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी सगळं गाव जमलं. चटईवरच्या नऊ बाटल्यांपैकी सहा काळ्या होत्या. तीन स्वच्छ, आतली पट्टी जशीच्या तशी.

नावाइया वाकला आणि एकेका बाटलीच्या गाठी बोटांनी चाचपू लागला. स्वच्छ तिन्हींना तीन-तीन गाठी होत्या. "ही उकळलेली," तो म्हणाला. मग काळ्यांकडे वळला. एक गाठ, दोन गाठी, एक, दोन, दोन, एक. "एक गाठ म्हणजे साधं पाणी. दोन गाठी म्हणजे..." तो थांबला. "टेकिनाइती, दोन गाठी तुझ्या."

टेकिनाइती पुढे आला. दोन गाठींची एक बाटली त्याने उचलली आणि एक गाठीच्या बाटलीशेजारी धरली. दोन्हींत काडीचा फरक नव्हता.

"बाटल्या जुन्या," तो पुटपुटला.

"उकळलेल्या पाण्याच्या बाटल्याही त्याच खोक्यातल्या," टिनिया म्हणाली. "तू निवडलेल्या."

तो उभाच राहिला. त्याच्याकडे बघवत नव्हतं. मारेवेयाला वाटलं, पुढे व्हावं आणि त्याचं डोकं मांडीवर घ्यावं. पण तो चाळीस वर्षांचा होता आणि सगळं गाव बघत होतं.

नावाइयाने घसा खाकरला. "ठीक आहे. आजपासून पाणी उकळायचं. खड्यांचं नाव कुणी काढायचं नाही, टेकिनाइतीला कुणी बोल लावायचा नाही. चटई राहू दे. विषय मिटला."

माणसं उठायला लागली.

"मिटला नाही," मारेवेया म्हणाली.

या वेळी ती जाणूनबुजून उभी राहिली आणि बायकांच्या बाजूने चालत मधोमध आली.

"आता काय राहिलं?" नावाइया चिडला. "तुझंच खरं झालं ना?"

"पाण्यात घाण आहे हे खरं झालं. ती कुठून आली ते कुणी विचारलं नाही. खड्यांनी घाण काढली नाही, पण खड्यांनी घातलीही नाही. माझ्या भावाने घातली नाही." हे ती मोठ्याने बोलली, एकेक शब्द सुटा करून. "गेले तीन दिवस मी रिकामी नव्हते बसले. गावातल्या अकराही विहिरींचं पाणी बाटल्यांत भरलं. दहा विहिरींच्या बाटल्या एका दिवसात काळ्या. शाळेमागची एकच अजून स्वच्छ आहे. तिथे काय नाही, माहीत आहे? डुकरं नाहीत. बाकी सगळ्या विहिरींच्या कडेला आपण डुकरं बांधलीत. बोराताच्या विहिरीपासून माझ्या डुकरांचा गोठा बारा पावलं आहे. माझ्या. मी एकोणीस वर्षं विहिरी तपासते. दर वेळी बाटली काळी व्हायची, दर वेळी मी 'उकळा' म्हणायचे आणि डुकरं तिथेच ठेवायचे. कुणाशी वाकडं नको म्हणून."

बोराता मान वर करून तिच्याकडे बघत होती.

"गोठे विहिरींपासून लांब न्यायचे," मारेवेया म्हणाली. "समुद्राच्या बाजूला. सगळ्यांनी. आणि नावाइया, तुमची सहा डुकरं आठ पावलांवर आहेत. मी मोजलीत."

मग जो गलका झाला तसा त्या छपराखाली आजवर झाला नव्हता. डुक्कर म्हणजे लग्न, डुक्कर म्हणजे मयत, डुक्कर म्हणजे घराची अब्रू. ते लांब बांधलं तर चोरीला जाणार, पाणी कोण वाहणार, बाईने आता म्हाताऱ्यांच्या डुकरांची पावलं मोजायची का? नावाइया काठी आपटत होता. "खाली बस! मी सांगतोय, खाली बस!"

"नाही बसत."

"गाव तुला दंड करेल!"

"करा. डुक्करच द्यावं लागेल ना दंडाचं? या घेऊन जा, विहिरीजवळचं एक तरी कमी होईल."

कडेला बसलेल्या बायकांत आधी कुजबूज झाली, मग टाळी वाजली. एकच. मग आणखी.

त्या गोंधळात टेकिनाइती बाटली खाली ठेवून बाहेर निघून गेला. लोकांना वाटलं, रागाने गेला. मारेवेयालाही तेच वाटलं. सभा कसलाच निर्णय न होता मोडली आणि ती घरी आली, तेव्हा तिच्या गोठ्याच्या बाजूने ठोकाठोक ऐकू आली. टेकिनाइती उघड्या अंगाने पहारीने गोठ्याचे खुंट उपटत होता. चार उपटून झाले होते. पलीकडे बोराताचा नवरा दोरीने डुकरीण धरून उभा होता आणि ती त्याला फरफटत नेत होती.

"कुठे नेऊ?" टेकिनाइतीने तिच्याकडे न बघता विचारलं.

"केवड्याच्या पलीकडे," ती म्हणाली.

त्याने मान हलवली आणि पाचव्या खुंटाला पहार लावली. तिला पुष्कळ बोलायचं होतं. तिने नारळ फोडून शेजारी ठेवला आणि सुटलेले खुंट उचलून खांद्यावर घेतले. त्या दिवशी तो तिच्याशी दुसरं काही बोलला नाही, नंतरही बरेच दिवस नाही. पण दुसऱ्या सकाळी तो बोराताच्या घरी गेला आणि दारात बराच वेळ बसून होता. तो आणि बोराता काय बोलले ते त्यांनाच ठाऊक. तिथून उठल्यावर त्याने घरोघरी फिरून आपल्या पिशव्या परत मागितल्या.

पुढच्या दोन महिन्यांत सात गोठे हलले. तिघांनी भांडून मग हलवले. नावाइयाने मारेवेयाला खरंच दंड केला, एक डुक्कर. तिने ते स्वतः हाकत नेलं, केवड्याच्या पलीकडे बांधलं आणि निरोप पाठवला, 'तुमचं डुक्कर तिकडे आहे, बाकीची सहाही तिथेच आणा, त्याला एकटं करमत नाही.' सगळं गाव त्यावर आठवडाभर हसलं. म्हाताऱ्याला रागावताही येईना, गप्पही बसवेना. शेवटी एका सकाळी त्याच्या नातवंडांनी सहाच्या सहा डुकरं हाकत नेली. तो स्वतः मागे काठी टेकत चालत होता आणि वाटेत भेटेल त्याला सांगत होता की जागा त्यानेच निवडली आहे.

त्यानंतरच्या सभेत त्याने मारेवेयाला नाव घेऊन पुढे बोलावलं. बायकांच्या बाजूने ती आली आणि मध्ये उभी राहिली. कुणी बस म्हणालं नाही.

"गोठे हलले," नावाइया म्हणाला. "तुझ्या मनासारखं झालं. आता तरी समाधान?"

मारेवेयाने सभेवरून नजर फिरवली. पुरुषांत टेकिनाइती बसला होता. त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं, आणि ओठ आवळून धरले. ती आता काय करणार आहे, ते त्याला बहुधा कळलं होतं.

"डुकरांचं झालं," ती म्हणाली. "आता आपण सगळे पहाटे किनाऱ्यावर कुठे कुठे जाऊन बसतो, त्याचं बोलू."